सेकंदाच्या दशांशाचा हिशेब



रणगाड्यांच्या तुकडीस एकत्र लढण्याचे शिक्षण द्यावयाचे म्हणजे विस्तीर्ण मैदान, इंधन, दारूगोळा आणि जीविताचा धोका हे सारे आलेच. हा भार हलका करण्यासाठी अमेरिकेच्या 'दार्पा' या संरक्षण संशोधन संस्थेने १९८३ साली 'सिमनेट' हा प्रकल्प हाती घेतला. केंटकी राज्यातील फोर्ट नॉक्स येथे रणगाड्याच्या अंतर्भागासारख्या कक्षांत सैनिक बसत व परस्परांशी जोडलेल्या संगणकांवरील एकाच काल्पनिक रणभूमीवर लढत.

येथे मध्यवर्ती संगणक नव्हता. प्रत्येक कक्षाचा संगणक रणभूमीचे चित्र स्वतः रेखाटीत असे. मग इतरांची जागा त्याला कशी कळावी? प्रत्येक क्षणी निरोप धाडल्यास जाळे तुंबते. म्हणून शेवटचा ज्ञात वेग व दिशा यांवरून प्रत्येक संगणक इतरांची जागा अनुमानाने ठरवी. पाठविणाराही स्वतःविषयी तेच अनुमान करी आणि प्रत्यक्षाशी ठरावीक मर्यादेपलीकडे तफावत पडली, तरच नवा निरोप धाडी.

याच तत्त्वावर १९९३ साली 'डीआयएस' हे प्रमाण मान्य झाले. त्यात निरोप सामान्यतः 'यूडीपी' पद्धतीने जातात. 'टीसीपी' पद्धत पोचपावती घेते. हरवलेला निरोप पुन्हा येईपर्यंत मागचे निरोप अडवून धरते. परंतु रणगाड्याची जुनी जागा उशिरा कळून उपयोग काय? यूडीपी थांबत नाही. हरवलेल्याची उणीव पुढचा निरोप भरून काढतो. उभ्या रणगाड्याचाही निरोप साधारणतः दर ५ सेकंदांनी जातो, तो याचसाठी. मात्र गोळा फुटल्याचा निरोप एकदाच जातो. तो हरवला, तर अचूक नेमही वाया गेला.

विलंबाची मर्यादा जवळच्या चकमकीसाठी १०० मिलिसेकंद, तर सैल संबंधासाठी ३०० मिलिसेकंद ठरविण्यात आली. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा रणगाडा १०० मिलिसेकंदांत १ मीटर, तर ३०० मिलिसेकंदांत ३ मीटर सरकतो. तो सरळ जात असेल, तर अनुमान साथ देते. अचानक वळला, तर फसते. काचतंतूतून १०,००० किलोमीटर जाण्यासच प्रकाशाला सुमारे ५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे निम्मी मर्यादा अंतरातच संपते.

म्हणून जाळ्याची परीक्षा केवळ सरासरी वेगावरून करू नये. किती निरोप हरवले, किती अवेळी आले, हेही मोजावे. यंत्राच्या विलंबामुळे बरोबर नेम चुकीचा ठरला, तर शिकणारा चुकीचाच धडा घेऊन खऱ्या रणांगणावर जाईल. आणि तेथे चूक सुधारण्यास दुसरा निरोप येत नसतो.