काटा आणि घड्याळ

ऑलिम्पिकच्या पदकतालिकेत काही नावे अशी असतात, की नकाशावर बोट ठेवले तर अख्खा देश बोटाखाली झाकला जातो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांची १०० मीटरची शर्यत सेंट लुशिया या कॅरिबियन बेटाच्या ज्युलियन आल्फ्रेडने १०.७२ सेकंदांत जिंकली. त्या देशाचे ते पहिलेच ऑलिम्पिक पदक. त्याच संध्याकाळी डॉमिनिकाच्या थिया लाफाँडने तिहेरी उडीत १५.०२ मीटरची झेप घेऊन आपल्याही देशाचे पदकांचे खाते उघडले, तेही सुवर्णाने. सेंट लुशियाची लोकसंख्या दोन लाखांच्या आत आहे, डॉमिनिकाची एक लाखाच्याही आत. ग्रेनाडा सव्वा लाखाच्या आतला देश. त्याने पॅरिसहून भालाफेक आणि डेकॅथलॉनची दोन कांस्यपदके नेली. प्रशांत महासागरातला फिजी दहा लाखांच्या आत आहे. रिओ आणि टोकियो अशा लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या रग्बी सेव्हन्सचे सुवर्ण त्याच्याकडे गेले.

हे आकडे हिंगोली जिल्ह्याशेजारी मांडून पाहण्यासारखे आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांत ती सारखी वाटली, तर एका तालुक्याच्या वाट्याला सव्वादोन लाखांहून अधिक माणसे येतात. म्हणजे फिजी हिंगोली जिल्ह्यापेक्षा लहान, आणि सेंट लुशिया येथील सरासरी तालुक्यापेक्षाही लहान.

ही तुलना एका मर्यादेपर्यंतच खरी आहे, हेही सांगितले पाहिजे. देशाला स्वतःचा झेंडा आणि स्वतःची ऑलिम्पिक समिती असते. ज्या देशाचा एकही धावपटू पात्रतेची वेळ गाठू शकत नाही, त्यालाही ॲथलेटिक्समध्ये एखादी जागा मिळण्याची सोय नियमांत आहे. पोहण्यातही अशी सोय असते. तिच्याच आधाराने २००० साली इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी सिडनीत १०० मीटर पोहला. त्याच्या गटातले दुसरे दोघे चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झाले, आणि तो एकटाच १ मिनिट ५२.७२ सेकंदांत काठाला लागला. जिल्ह्याला अशी जागा नसते. कळमनुरीच्या मुलाला तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशा पाच पायऱ्या चढूनच बाहेर पडावे लागते. दुसरी गोष्ट अशी, की लहान देशांचे सगळेच खेळाडू घरच्या मातीत घडलेले नसतात. थिया लाफाँड लहानपणापासून अमेरिकेत वाढली, आणि आल्फ्रेड चौदाव्या वर्षी जमैकाला शिकायला गेली. हे सगळे वजा केले तरी एक गोष्ट शिल्लक राहते. मुले कमी आहेत, ही सबब हिंगोलीला सांगता येत नाही.

मग या लहान देशांकडे आहे काय? पैसा फारसा नाही. त्यांच्याकडे दोन सवयी आहेत. पहिली, सगळ्या खेळांच्या मागे न धावता एक-दोन खेळ धरून ठेवण्याची. नाउरू हा अवघ्या २१ चौरस किलोमीटरचा देश. त्याने वेटलिफ्टिंग धरले. १९९० ते २००२ या काळात मार्कस स्टीफन या एकट्या खेळाडूने राष्ट्रकुल स्पर्धांत त्याला १२ पदके मिळवून दिली, आणि पुढे तो त्या देशाचा राष्ट्राध्यक्षही झाला. दुसरी सवय शाळेतल्या मुलांना घड्याळ लावण्याची, आणि लावलेली वेळ लिहून ठेवण्याची. या भाषणाचा विषय खरे तर ही दुसरी सवय आहे.

जमैकातली आंतरशालेय ॲथलेटिक्स स्पर्धा १९१० पासून चालत आली आहे. कॅरिबियन देशांतल्या कुमारांची कॅरिफ्टा स्पर्धा १९७२ मध्ये सुरू झाली. ग्रेनाडातल्या शाळांच्या वार्षिक स्पर्धेला सगळे बेट लोटते. अशा मैदानांवर पळणाऱ्या प्रत्येक मुलाची वेळ घेतली जाते. ग्रेनाडातल्याच गुयाव्ह या मासेमारीच्या गावचा किरानी जेम्स चौदा वर्षांचा असताना ४०० मीटर ४६.९६ सेकंदांत धावला. पंधराव्या वर्षी त्याची वेळ ४५.७० झाली. हे दोन आकडे बेटाबाहेर गेले आणि त्यांनीच त्याची ओळख करून दिली. तो अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात पोचला, आणि २०१२ मध्ये लंडनला ४३.९४ सेकंदांत ऑलिम्पिक विजेता झाला. पुढे रिओत रौप्य, टोकियोत कांस्य. चौदाव्या वर्षी त्याची वेळ कोणी लिहून ठेवली नसती, तर तो गावातला एक जोरात पळणारा मुलगा म्हणून राहिला असता. असे जोरात पळणारे मुलगे आणि मुली हिंगोलीच्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्याविषयी सगळे सांगतात, की पोरगं वाऱ्यासारखं पळतं. वाऱ्यासारखं म्हणजे किती सेकंदांत, हे मात्र कोणी सांगत नाही.

हळद पिकवणाऱ्या जिल्ह्याला मोजमापाचे महत्त्व वेगळे पटवावे लागू नये. हळदीच्या शेतकऱ्याइतके मोजणारे माणूस विरळा. मे-जूनमध्ये लागवड होते तेव्हा एकरी किती क्विंटल बेणे लागले, हे त्याला तोंडपाठ असते. बेण्यासाठी ठसठशीत जेठे गड्डे त्याने आधीच निवडून सावलीत ठेवलेले असतात. नऊ महिन्यांनी काढणी होते, मग हळद शिजते, खळ्यावर वाळते, ड्रममध्ये फिरून तिला पॉलिश होते. शंभर किलो ओल्या हळदीतून वीस किलोच्या आसपास वाळलेले हळकुंड हाती येते. त्यानंतर वसमतच्या मोंढ्यात किंवा हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये बीट होते. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, काटा होतो, आणि पट्टी हातात पडते. ती पट्टी घरात जपून ठेवली जाते, कारण पुढच्या वर्षीचा सगळा हिशेब तिच्यावर असतो.

शाळेतली मुले ही ओली हळद. शंभरांतून अखेर पाच-दहा जणच स्पर्धेत टिकतील, आणि त्याला इलाज नाही. घट ही धरलेलीच असते. पण ओला माल तोललाच नाही, तर घट किती आली आणि ती का आली, हे कळणार कसे? दहावीचे वर्ष आले म्हणून मुलगी मैदानावरून गेली, बूट नाहीत म्हणून मुलगा गेला, घोटा दुखावला म्हणून तिसरा गेला. ही सगळी घट न तोललेली आहे. बेण्याचेही तेच. शाळेत शिकवायला आलेला जुना धावपटू हा जेठा गड्डा असतो. त्याच्यापासून पुढची दहा वर्षे उगवायची असतात. त्यालाच जनगणनेच्या आणि निवडणुकीच्या कामाला लावून खेळाचा तास गणिताला दिला, तर बेणेच विकून खाल्ल्यासारखे होते.

मोजलेली वेळ खेळाडूला कुठवर नेते, हे महाराष्ट्रातली उदाहरणेही दाखवतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. महार रेजिमेंटमध्ये असताना २०१५ च्या सुमारास तो क्रॉसकंट्री धावू लागला, आणि २०१७ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला. त्याच्या पुढच्या प्रगतीचा आलेख साध्या वहीत मावतो. २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंद, आणि गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडीत. टोकियोत ८ मिनिटे १८.१२ सेकंद, हा राष्ट्रीय विक्रम होता, तरी अंतिम फेरी हुकली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद आणि रौप्यपदक. २०२४ च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद कमी झाले, आणि त्यातला प्रत्येक सेकंद कोणीतरी मोजलेला आहे. मधल्या काळात, २०२३ मध्ये, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचे सुवर्ण आणि ५००० मीटरचे रौप्य घेतले.

बर्मिंगहॅमच्या त्या रौप्याचे मोल पदकापुरते नाही. १९९८ ते २०१८ या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडेच जात होती. ती रांग साबळेने मोडली. सुवर्ण जिंकणारा केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे ०.०५ सेकंद होता. त्याच बर्मिंगहॅममध्ये सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो वजनी गटात २४८ किलो वजन उचलून भारताचे त्या स्पर्धेतले पहिले पदक मिळवले. सुवर्ण घेणाऱ्या मलेशियाच्या स्पर्धकाने २४९ किलो उचलले होते. इकडे पाच शतांश सेकंद, तिकडे एक किलो. सांगलीही हळदीचीच पेठ. तिथल्या माणसाला एका किलोचा अर्थ सांगायला नको.

स्टीपलचेसची आणखी एक गंमत आहे. या शर्यतीत पाण्याच्या खड्ड्यावरून सात वेळा उडी घ्यावी लागते. साबळेचा आष्टी तालुका दुष्काळी. याच शर्यतीत २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर सातारा जिल्ह्यातल्या मोही गावची, म्हणजे माण तालुक्याची, आणि माणही दुष्काळीच. सोयी आधी आणि खेळाडू नंतर, असा क्रम नेहमीच नसतो. ट्रॅक नाही म्हणून मोजमाप नाही, ही सबब या दोन गावांनी निकालात काढली आहे.

हिंगोलीत घड्याळ अजिबात नाही असेही नाही. ते आहे, पण फार उशिरा येते. पहाटे गावोगावच्या रस्त्यांवर मुले-मुली भरतीसाठी धावतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक असते. हिंगोलीतच राज्य राखीव पोलीस बलाचा गट आहे, आणि त्या बलाच्या भरतीत पाच किलोमीटर धावावे लागते. तिथे वेळेनुसार गुण असतात, म्हणून प्रत्येक सेकंद मोजला जातो. म्हणजे अनेक मुलांची वेळ पहिल्यांदा काटेकोर मोजली जाते ती अठरा वर्षे उलटल्यावर, नोकरीच्या रांगेत. किरानी जेम्सची वेळ चौदाव्या वर्षी मोजली गेली होती. मधली चार वर्षे कुठे गेली, हा प्रश्न शाळांनी स्वतःला विचारायचा आहे.

यासाठी नवी योजना लागत नाही. ‘खेलो इंडिया’च्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत ५० मीटर आणि ६०० मीटर धावणे आहेच. लागतो तो लांब टेप, थोडी फक्की, मोबाइलमधले स्टॉपवॉच आणि एक जाड वही. चारशे मीटरची जागा नसेल तर दोनशेची फेरी आखावी. वहीत नाव, जन्मतारीख, दिनांक, अंतर, वेळ, मैदान आणि वेळ घेणाऱ्याची सही एवढे रकाने पुरे. जून आणि जानेवारी, अशी वर्षातून दोनदा नोंद व्हावी. त्याच मैदानावर आणि शक्यतो सकाळीच. हाताने घेतलेली वेळ नेहमी थोडी कमी भरते. इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडताना १०० आणि २०० मीटरला ०.२४ सेकंद मिळवण्याची रीत आहे. तेवढे ध्यानात ठेवावे, म्हणजे खोटी आशा वाढत नाही. आणि वही शाळेची असावी. शिक्षकांची बदली होते, वहीची होऊ नये.

मुलींच्या बाबतीत ही वही अधिक कामाची आहे. मुलीचे मैदान बंद करायचे ठरते तेव्हा घरात बोलायला शिक्षकाकडे काही तरी लागते. ‘चांगली पळते हो’ या शब्दांत बळ नसते. ‘जूनमध्ये एवढे सेकंद, जानेवारीत त्याहून दोन कमी’ हे बापाला कळते, कारण तोही पट्टीवरचा आकडाच वाचत आला आहे.

कबड्डी आणि खो-खो हे मराठवाड्याचे जीव की प्राण. त्यांत काय मोजावे, चढाईतला दम की पाठलागातली वळणे, हा मोठा विषय आहे. जिल्ह्यातल्या पोहण्याच्या तलावांचा आणि नेमबाजीचाही विषय बाजूला ठेवावा लागतो. एकच मुद्दा पुन्हा सांगून थांबणे बरे. दोन लाखांच्या बेटावर प्रत्येक मुलाचा सेकंद लिहिला जातो. बारा लाखांच्या जिल्ह्यात हळदीचे प्रत्येक पोते तोलले जाते आणि मुलांचे सेकंद वाऱ्यावर जातात. जूनमध्ये शेतकरी बेणे मोजून शेतात नेतो, आणि त्याच महिन्यात शाळा उघडतात. शाळेच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येक मुला-मुलीची पहिली वेळ वहीत उतरावी.