प्रत्येकाचा एक खिळा

आज विषय लहान घराचा आहे. लहान म्हणजे खरोखरच लहान: एक खोली-स्वयंपाकघर, फार तर दोन खोल्या, आणि त्यात चार-पाच माणसं. दमून आल्यावर जिथे जीव विसावेल असं ते घर कसं करायचं?

मी काही सजावटकार नाही. पण फौजेतल्या ३४ वर्षांत आमचा संसार १९ वेळा ट्रकमध्ये चढला आणि उतरला. कधी इंग्रजांच्या काळचा उंच छताचा बंगला मिळाला, कधी बाजेखाली ट्रंका सरकवल्यावर पाय ठेवायला जागा उरणार नाही अशी तात्पुरती खोली. त्यामुळे या बाबतीत माझी काही ठाम मतं झाली आहेत.

आधी आकड्यांचं बोलू. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याची खोली एकच असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटर हवी, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट. मुंबईत १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यात पिढ्या वाढल्या. मी चाळीचे गोडवे गाणार नाही. सकाळी सामाईक संडासापुढे डबा घेऊन उभं राहिलेल्या माणसाला विचारा. दुसऱ्या टोकाला ल कॉर्बुझिए. चंडीगडची आखणी करणारा हा वास्तुकार. त्याने १९५२ साली फ्रान्सच्या समुद्रकाठी स्वतःसाठी एक लाकडी खोपटं बांधलं, ३.६६ मीटर लांब आणि तेवढंच रुंद. म्हणजे बारा बाय बारा फूट! वर्षानुवर्षं सुट्टीला तो तिथेच जायचा. चंडीमंदिरला पोस्टिंग असताना मी हे बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने विचारलं, "स्वयंपाकघर कुठे होतं?" नव्हतंच. शेजारी खाणावळ होती, तिच्यात जायला आतूनच दार होतं. "मग बरोबर," ती म्हणाली.

तेव्हा चौरस फुटांवर सगळं ठरत नाही, आणि चौरस फुटांना काही किंमतच नाही असंही नाही. मग ठरतं कशावर?

उंचावरच्या चौकीत एका बंकरमध्ये आम्ही आठ जण राहत होतो. प्रत्येकाच्या वाट्याला झोपायच्या पिशवीपुरती जागा, आणि डोक्यावरच्या तुळईत एक खिळा. त्या खिळ्याला कोणाचा मफलर, कोणाची टॉर्च, कोणाच्या कापडी थैलीत घरची पत्रं. बाकी सगळं सामाईक होतं: बुखारी, चहाचं भांडं, पत्त्यांचा जोड, ओल्या मोज्यांचा वाससुद्धा. पण दुसऱ्याच्या खिळ्याला कोणी हात लावत नसे, अधिकारीसुद्धा नाही. तसा लेखी हुकूम नव्हता. वीज गेली, बाहेर वादळ सुटलं, तरी हात वर केला की आपली वस्तू हाताला लागायची. त्या एका खिळ्यामुळे माणूस तिथे 'राहत' होता, नाहीतर नुसता मुक्काम झाला असता.

हे मला घरात उपयोगी पडलं ते निवृत्तीनंतर. सिकंदराबादला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास. वडील गेल्यावर आई वाईहून आमच्याकडे आली. वय ८४. काचबिंदूमुळे बाजूचं दिसणं बरंच गेलेलं. ज्या वाड्यात साठ वर्षं काढली, तिथे ती डोळे मिटून फिरायची. इथे स्टुलाला अडखळायची, दाराला खांदा आपटायचा. कुरकुर एका शब्दाची नाही. पण सोबत आणलेली पिशवी तिने रिकामीच केली नाही. दोन लुगडी, जपमाळ, अडकित्ता, औषधं, सगळं त्यातच. लागलं की काढायचं, झालं की परत आत. गाडीची वाट बघत फलाटावर बसल्यासारखी ती आमच्या घरात बसून असायची.

आम्ही मोठं काहीच केलं नाही. तिच्या कॉटला लागून, बसल्या जागी हात पोचेल इतक्या उंचीवर भिंतीत एक फळी ठोकली. रेडिओ डावीकडे, चष्मा मधे, औषधांचा डबा उजवीकडे. घरात नियम केला की ही फळी पुसायची असेल तरी आजीला विचारून, आणि वस्तू परत जिथल्या तिथे. वाटेतली दोन स्टुलं काढून टाकली. न्हाणीघराच्या पांढऱ्या उंबऱ्यावर गडद पट्टी चिकटवली, कारण पांढऱ्या फरशीवर पांढरा उंबरा तिला दिसतच नव्हता. रात्री तिथपर्यंत खालच्या बाजूला एक मंद दिवा. आणि तिने मागून घेतलं ते काम: भाजी निवडायची ती तीच.

दीड-एक महिन्याने, सकाळी बाजारात निघालो होतो, तेव्हा तिने ती पिशवी घडी करून माझ्या हातात दिली. म्हणाली, "मेथी आण, आणि ही भाजीला ठेव. चांगली मजबूत आहे."

मग नातवाला एक खण मिळाला, मला पुस्तकांची फळी मिळाली. एक दिवस बायको म्हणाली, "सगळ्यांना खिळे झाले, माझा कुठंय?" मुलगा म्हणाला, आई, अख्खं स्वयंपाकघर तुझंच की! त्यावर ती म्हणाली, "ते माझं कामाचं ठिकाण आहे. तुझ्या ऑफिसात तू झोपतोस का?" मंडळी, हे वाक्य घरी जाऊन सगळ्यांनी आठवा, पुरुषांनी जरा जास्त. आता खिडकीजवळची वेताची खुर्ची तिची आहे. दुपारी तीन ते चार तिथे कोणी बसत नाही आणि त्या वेळात तिला कोणी चहा मागत नाही. लहान घरात प्रत्येकाला स्वतंत्र खोली देता येत नाही, पण एक तास देता येतो. तो तासही खिळाच समजा.

आता उजेड आणि हवा. बहुतेक घरांत छताच्या मधोमध पांढरा झगझगीत दिवा असतो, ६५०० केल्विनचा. सुईत दोरा ओवायला, झाडू मारायला तो उत्तम. पण संध्याकाळी त्याखाली घर रेल्वेच्या बुकिंग ऑफिससारखं दिसतं. २७०० ते ३००० केल्विनचे दोन पिवळसर दिवे कोपऱ्यांत, जरा खाली लावून बघा. खोक्यावर आकडा छापलेला असतो, किंमतही जवळपास तीच. हवेचं मात्र कडक सांगतो. बंकरमध्ये कितीही थंडी असली तरी बुखारी पेटवली की हवेची वाट उघडी ठेवायची, हा नियम होता. उत्तरेकडच्या आपल्या लोकांनी हे ध्यानात घ्यावं. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपताना शेगडी खोलीबाहेर, म्हणजे बाहेरच.

सामान कमी करा हे सगळेच सांगतात. माझा हिशोब साधा आहे: दोन बदल्या झाल्या आणि जी ट्रंक उघडलीच नाही, ती तिसऱ्या ट्रकमध्ये चढत नाही.

शेवटी बदलीच्या नोकरीतल्यांसाठी, बँकवाले, रेल्वेवाले, आमचे फौजी. आमच्याकडे एक पेटी सगळ्यात शेवटी बांधली जायची आणि पहिली उघडली जायची. तिच्यात हातोडी, खिळे, पिवळा दिवा, चहा-साखर, पातेलं, धुतलेल्या चादरी, गणपतीची तसबीर आणि मुलांची एकेक आवडती वस्तू. बाकी खोकी आठवडाभर पडून राहिली तरी चालतात. घरमालक भिंतीला खिळा मारू देत नसेल, तर दारावर अडकवायचे आकडे मिळतात, ते न्या. माणशी एक.