डोळे मिटल्यावर काय दिसतं?

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना आपल्यापैकी पुष्कळांची मुलं बसतात. त्यात एक पेपर असतो स्मरणचित्राचा. समोर वस्तू नाही, नमुना नाही. दिलेला विषय वाचायचा आणि आठवणीतून चित्र काढायचं. मला हा पेपर सगळ्यांत मोलाचा वाटतो. मात्र त्याची तयारी करून घेताना एक वाक्य हमखास कानी येतं : ‘डोळे मिटा, बाजार डोळ्यांपुढे आणा, आणि काढा.’

आमच्या गंगाखेडला शेजारची एक मुलगी मला म्हणाली, ‘चाचा, मी डोळे मिटले की नुसता अंधार असतो. बाकीच्यांना खरंच दिसतं का हो?’ तुझ्याकडे कल्पनाशक्ती नाही, फॉर्म भरू नकोस, असं तिला कुणीतरी सांगून टाकलं होतं. मुदत संपायला चार दिवस होते.

तिचा प्रश्न जुना आहे. १८८० साली इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना विचारलं होतं, की सकाळचं न्याहारीचं टेबल मनात आणा; ते किती स्पष्ट दिसतं? काही शास्त्रज्ञांना तर असं काही दिसतं हेच पटेना. पुढे १९७३ मध्ये डेव्हिड मार्क्स यांनी सोळा प्रश्नांची मोजपट्टी केली. ओळखीच्या माणसाचा चेहरा, उगवता सूर्य, नेहमीचं दुकान, झाडं-डोंगर-तळं. प्रत्येक चित्राच्या स्पष्टपणाला एक ते पाच आकडे. ज्यांना काहीच दिसत नाही त्यांच्या स्थितीला २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन यांनी ‘अफँटेशिया’ हे नाव दिलं. हा रोग नव्हे.

सर्जनशीलतेची मोजपट्टी निराळी. टॉरन्स यांच्या १९६६ च्या चाचणीत अर्धवट रेषा देतात आणि मूल त्यातून काय नवं घडवतं ते पाहतात. म्हणजे मार्क्सकडे मूल स्वतःविषयी काय सांगतं ते मोजायचं, टॉरन्सकडे त्यानं काय केलं ते. आपण एकीचा निकाल दुसरीवर लावून मोकळे होतो.

२०२१ साली विल्मा बेनब्रिज आणि सहकाऱ्यांनी तर स्मरणचित्राचाच पेपर घेतला म्हणा ना! खोल्यांची छायाचित्रं दाखवली, मग ती आठवून काढायला लावली. मनात चित्र न दिसणाऱ्यांनी वस्तू कमी काढल्या, रंगही कमी वापरला. पण कोणती वस्तू कुठे, हे अचूक. आणि नसलेलं घुसडण्याची चूक त्यांच्याकडून इतरांपेक्षा कमी झाली. ‘द लिटल मर्मेड’मधली एरियल रेखाटणारे ग्लेन कीन यांनाही मनात चित्र दिसत नाही. ते कागदावर रेघोट्या ओढत राहतात, त्यातून आकृती सापडते.

मी त्या मुलीला म्हटलं, घाटावरून कपडे धुऊन येणाऱ्या बाईचं चित्र काढ. तिनं आधी विचारलं, ‘बादली कुठल्या हातात?’ मग खांदा कलता काढला, दुसरा हात तोलासाठी लांब. खोडाखोड पुष्कळ केली. बाई मात्र चालत होती. तिच्या वडिलांना कागद दाखवला, फॉर्म भरला गेला.

चित्रकलेच्या गुरुजनांना एक विनंती. पाठ केलेली तयार माणसं उतरवणारी मुलं आणि डोळे मिटून बसलेली मुलं, दोघांनाही कधी विचारून पाहा : बादली भरली की माणूस कुठे वाकतो? कोण काय उत्तर देतं ते ऐका, मग श्रेणीचं बोलू.