केळीच्या भावाखालच्या दोन ओळी



धुळ्यातल्या या वार्ताहर मेळाव्याचं अध्यक्षपद मला दिलंत, आभारी आहे. रिवाजाप्रमाणे खान्देशातल्या पत्रकारितेचा आढावा घ्यायला हवा. तो छापून तुमच्या पिशवीत घातला आहे. जेवणानंतर वाचा, झोप चांगली लागेल. मला एकच बोलायचं आहे, कैक वर्षं घशात अडकलेलं.

सकाळी वाद झाला : इंटरनेटवरची जुनी बातमी कुणी मागणी केली तर काढायची का? तरुण म्हणाले, बातमी म्हणजे इतिहास, हात लावायचा नाही. ज्येष्ठ म्हणाले, काढून टाका, कोर्टकचेरी कशाला. मागणी आली तर जुने दुवे काढावे लागतील, असं २०१४ साली युरोपच्या न्यायालयाने गूगलला ऐकवलं, तेही निघालं. मी गप्प होतो. मला एक मापाडी आठवत होता.

मी जळगावात डेस्कवर होतो. एका कापूस खरेदी केंद्रावरच्या मापाड्याला वजनात घोळ केल्याच्या आरोपावरून पकडलं. चार कॉलमी मथळा मी दिला : 'शेतकऱ्यांच्या घामावर डल्ला'. मथळा जमला म्हणून त्या रात्री सगळ्या डेस्कला चहा पाजला. सात वर्षांनी माणूस निर्दोष सुटला. ती बातमीही मीच लावली. आतल्या पानावर, रावेरच्या केळीच्या भावाखाली, दोन ओळी. जागा तेवढीच उरली होती.

तरी तेव्हा एक सोय होती. आजचा अंक उद्या रद्दीत जायचा, परवा त्यात शेव बांधली जायची. कागदाला तेल लागलं की माणूस सुटला. पुढे मालकांनी जुने अंक संगणकावर चढवले. चार कॉलम चटकन सापडतात. दोन ओळींना मथळाच नव्हता, त्या कुणाला सापडणार?

एक दिवस तो मापाडी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मुलीचं ठरत आलेलं स्थळ फिरलं होतं. मुलाच्या मामाने मोबाईल पुढे केला होता. मापाड्याने शर्टाच्या खिशातून कात्रण काढलं, लॅमिनेशन केलेलं. वर केळीचे भाव, खाली दोन ओळी. म्हणाला, "भाऊ, कोर्टनी सोडं, तुम्ही काबर सोडतस नही?"

मी चहा मागवला. दुसरं काय करणार? चूक माझीही होती, पण ती कुणाला सापडत नाही. मथळ्याखाली उपसंपादकाचं नाव नसतं.

जुने कागद जन्मभर गोळा करणारे इतिहासाचार्य राजवाडे ज्या गावात वारले, त्या गावात उभं राहून कागद फाडा असं मी म्हणणार नाही. बातमी ठेवा. पण तिच्या डोक्यावर निकाल छापा, तेवढ्याच टायपात. इतिहास म्हणता ना, मग पुरा द्या! अर्धा कागद जपायचा आणि राजवाड्यांचं नाव घ्यायचं, हे मला पटत नाही.

आणि हा मापाडी तरी निर्दोष होता. जो खरंच चुकला, शिक्षा भोगून आला, त्याचं काय? धरणगावला आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ साली भिल्ल पलटण उभारली, ती ज्यांच्यावर लुटालुटीचा शिक्का होता त्यांच्यातूनच. कंपनी सरकार काही संत नव्हतं. पण काल लुटणारा उद्या राखण करू शकतो, एवढा व्यवहार त्याला कळत होता. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तोही गुंडाळला : जन्मलास, म्हणजे गुन्हेगार. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. आता तसलाच कायदा आपण खिशात घेऊन फिरतो, त्याला सरकारही लागत नाही. साक्री तालुक्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी, बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणाऱ्यांच्या मोबाईलवरच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकरी ठार मारले. त्यांची तर चूकही नव्हती. ज्यांची असेल, त्यांना उद्या कोण उभं करणार? मामाच्या हातात मोबाईल आहेच.

म्हणून एक सूचना. प्रत्येक कार्यालयात सुटलेल्यांची वही ठेवावी. कोर्टातून निकाल कोण आणणार, लिहिणार कोण, मालक त्याचे पैसे देणार का, हे कार्यकारिणीने बघावं; माझं वय झालं. पहिली नोंद मात्र मी करून देतो. तारीख आहे माझ्याकडे. जाताना मापाड्याने कात्रणाची झेरॉक्स टेबलावर ठेवली होती. केळीचे भावही आलेत त्यात.