भोपळ्याच्या शोधात नवी मुंबई

हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आम्ही पेण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. आज बोलणार आहोत लाल भोपळ्याविषयी.

मागच्या भादव्यात आमच्याकडे भोपळा उदंड झाला. कुंपणावर, गोठ्याच्या पत्र्यावर, उकिरड्याच्या कडेला, जिथे बी पडलं तिथे वेल. एका व्यापाऱ्याने टेम्पो भरून वाशीच्या बाजारात नेला. भाडं आणि हमाली कापून त्याने जे हातावर ठेवलं, त्यात आमची मजुरीही निघाली नाही. तेव्हा ठरवलं, की शहरात भोपळा खातं तरी कोण आणि खातात कसा, ते एकदा स्वतः बघून येऊ. गौरी गेल्यावर आम्ही चौघी निघालो. डब्यात घारगे घेतले, एसटीने पनवेल गाठलं आणि तिथून लोकल धरली.

पहिला दिवस फुकट गेला. बेलापूर, नेरूळ, वाशी, जिथे उतरलो तिथे हॉटेलात विचारलं, “भोपळ्याचं काय आहे?” लोक हसायचे. उडप्याच्या सांबारात एखादी फोड सापडली, तेवढीच. मिठाईच्या दुकानात पेठा होता, पण तो कोहळ्याचा. लाल भोपळ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात बसलो आणि भूक लागली म्हणून घारग्यांचा डबा उघडला. वेलची-जायफळाचा वास सुटला, आणि दिवसभर जे मिळालं नव्हतं ते सगळं त्या डब्यात मिळालं!

समोरची बाई नागपूरची. ती म्हणाली, “हे तर कोहळ्याचं दिसते.” आम्ही म्हटलं, कोहळा नाही, भोपळा. मग कळलं, की विदर्भात लाल भोपळ्यालाच कोहळं म्हणतात. खसखस आणि सुकं खोबरं भाजून, वाटून, त्यात चारोळी घालून त्याची बाकर भाजी करतात, लग्नातसुद्धा. शेजारची दिल्लीकडची. तिने “सीताफल की सब्जी” म्हटलं आणि आम्ही गोंधळलो, सीताफळाची कसली भाजी? तिकडे भोपळ्यालाच सीताफल म्हणतात. मेथीदाण्याची फोडणी, आमचूर आणि थोडा गूळ घालून आंबटगोड भाजी करायची आणि गरम पुरीबरोबर खायची. आपल्याकडेही कुठे डांगर म्हणतात, कुठे गंगाफळ. बाजारात बसलं की ही नावं यावी लागतात, नाहीतर गिऱ्हाईक समोरून निघून जातं.

एक केरळची नर्सबाई होती. त्यांच्या ओणमच्या जेवणात भोपळ्याची एरिसेरी असते. भोपळा आणि लाल चवळी एकत्र शिजवायची, ओलं खोबरं आणि जिरं वाटून लावायचं. खरी गंमत शेवटी. खोबरेल तेलात मोहरी, कढीपत्ता आणि खवलेलं खोबरं लालसर होईपर्यंत परतून वरून ओतायचं. ती म्हणाली, ओणमचा दिवस झाला तरी आमची मंडळं पुढे कितीतरी रविवार ओणम करतात, या एखाद्या रविवारी. आम्ही गेलो. केळीच्या पानावर वाढली होती. आमच्यातल्या एकीने तीनदा मागून घेतली. नाव सांगत नाही, ती आत्ता शेजारीच बसली आहे.

मग आमची वाटच बदलली. हॉटेलं सोडली आणि सण धरले. नवरात्रात वाशीला दुर्गापूजेच्या मंडपात गेलो. बंगाली लोक दुपारी खिचडी आणि लाबडा असा भोग वाढतात. लाबडा म्हणजे पाच-सात भाज्यांची मऊ, एकजीव मिसळ, आणि तिला गोडवा येतो तो भोपळ्याचा. ते त्याला कुमडो म्हणतात. भोपळ्याची फुलं पिठात बुडवून तळतात, तशी भजी आपल्याकडेही करतातच. फक्त नर फुलं तोडा, नुसत्या लांब देठाची. ज्या फुलाखाली बारीक भोपळा दिसतो, ते वेलावर राहू द्या. आणि सगळी नर फुलंही काढू नका, नाहीतर फळ धरायचं नाही. एका ओडिशाच्या बाईने डालमा खाऊ घातला. तूरडाळीत भोपळा, कच्ची पपई, कच्चं केळं, वरून भाजलेल्या जिऱ्याची आणि लाल मिरचीची पूड. तेल नावाला. लहान मुलांना देण्यासारखा आहे.

सानपाडा गावठाणात एक आगरी आजी भेटल्या. सिडको १९७० साली आली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं, त्यातलंच त्यांचं गाव. आजी म्हणाल्या, “आमचा येल कौलांवर असायचा गो, इकत कोन आनायचं?” आता त्याही ऋषिपंचमीच्या भाजीला फोडच विकत आणतात. ऋषीच्या भाजीत भोपळा हवाच, पण पाव किलोच्या वर कुणाला नको.

इथे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही पाठवत होतो आठ-दहा किलोचे अख्खे भोपळे. शहरातल्या बाईला हवी फोड, फार तर दोन किलोचं फळ. घरात माणसं चार, फ्रिज लहान. पण कापलेली फोड टिकत नाही आणि अख्खा भोपळा, देठ ठेवून काढला आणि हवेशीर जागी ठेवला, तर दोन-तीन महिने सहज राहतो. म्हणजे घाईने व्यापाऱ्याला देण्याची गरजच नव्हती. ठेवायचा आणि सणासणाला थोडा थोडा न्यायचा. ओणम, गणपती, पितृपक्षातली पानं, नवरात्राचे उपास, दुर्गापूजा. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत रांगच आहे.

घारगे मात्र पहिल्या खेपेला आमचे बुडाले. गरम असतानाच पिशवीत भरले, वाफ धरली आणि दुसऱ्या दिवशी बुरशी आली. सगळे फेकले. आता अशी पद्धत आहे. दोन वाट्या भोपळ्याचा कीस थोड्या तुपावर मऊ करायचा, त्यात एक वाटी चिरलेला गूळ विरघळवायचा. निवलं की मीठ, वेलची, जायफळ, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक. पाणी थेंबभरही नको, गुळाचं सुटतं तेच पुरे. पुरीपेक्षा जाडसर थापून, खसखस लावून मध्यम आचेवर तळायचे. जाळीवर चार तास निवू द्यायचे, मगच भरायचे. तीन दिवस चांगले राहतात. विकायचे असतील तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या आणि पाकिटावर केल्याची तारीख घाला. सालं फेकू नका. परतून, तीळ आणि मिरची घालून चटणी होते. बिया वाळवा. आणि एक लक्षात ठेवा, कापल्यावर जिभेला कडू लागला, तर तो भोपळा टाकून द्या, गूळ घालून झाकू नका. कडू भोपळा पोटाला बाधतो.

कापण्याचंही सांगतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत अख्ख्या भोपळ्यावर पहिला सुरा बाईने चालवायचा नाही, पुरुषाने चालवायचा. आमच्या थोरल्या काकू तेवढ्यासाठी आठ वर्षांच्या नातवाला हाक मारायच्या. एका सकाळी बारा भोपळे कापायचे होते आणि नातू शाळेत गेलेला. काकू थोडा वेळ बसून राहिल्या. मग उठल्या, भोपळ्याला हात लावून नमस्कार केला आणि पहिला सुरा त्यांनीच घातला.

यंदा बी दोन वेळा लावलं. निम्मं मृगाच्या पहिल्या पावसावर, निम्मं त्यानंतर तीन आठवड्यांनी. पहिले वेल आता मांडवावर चढले आहेत. फुलं धरली की पुन्हा बोलू.