वैरीण नव्हे, जोड

(वडपे, ता. भिवंडी येथे महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



सकाळपासून आपण नवऱ्याच्या मारहाणीबद्दल आणि सासरच्या छळाबद्दल बोलतो आहोत. मी जरा वेगळ्या झगड्याबद्दल बोलणार आहे. मैत्रिणी-मैत्रिणींमधली चुरस हा माझा विषय आहे. ही चुरस कधी अंगाने खेळली जाते, तर कधी नुसती मनातल्या मनात. 'बाईच बाईची वैरीण' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. पुष्कळदा आपणच ते बोलतो. आज ते जरा तपासून पाहू.

आधी मुलग्यांकडे बघा. दोन मित्र अंगणात एकमेकांना लोळवतात, धूळ झटकतात आणि एकाच ताटात जेवायला बसतात. त्याला आपण 'मस्ती' म्हणतो. 'पुरुषच पुरुषाचा वैरी' असे कोणी म्हणत नाही. मुलींनी तेच केले की 'घोडी झालीस, शोभतं का?' असे ऐकावे लागते. पाळी सुरू झाली की मैदान बंद होते. पण चुरस काही बंद होत नाही. अंगातून बाहेर पडायची वाट बुजली की ती मनात शिरते. मग कोण जास्त गोरी, कोणाला स्थळ चांगले आले, कोणाच्या गळ्यात किती तोळे, अशा शर्यती सुरू होतात. या सगळ्या शर्यतींची मोजपट्टी दुसऱ्याच्या हातात असते, हे लक्षात घ्या.

आपल्या आज्या-पणज्यांनी यावर थोडी वाट काढली होती. मंगळागौर काही जातींपुरतीच असेल, पण फुगडी सगळ्यांची आहे. फुगडीत दोघी एकमेकींच्या ओढीवर उभ्या असतात. एक ढिली पडली तर दोघीही पडतात. पिंग्यात दोघी समोरासमोर येतात आणि गाण्यातून एकमेकींना हिणवतात. ती लुटुपुटीची लढाई असते. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून, हातवारे करत एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. त्याला 'बोरीचा बार' म्हणतात. त्या एकमेकींवर धावून जातात, म्हणून मध्ये पोलीसही उभे असतात. दोन सवती या ओढ्यावर भांडल्या, त्याची ही आठवण, असे सांगतात. बघा, बायकांच्या भांडणाला कारण म्हणून गोष्टीत एक नवरा आणावाच लागला! पण तिथे ओरडणाऱ्या बाईला त्या सवतींशी काय देणेघेणे? वर्षातून एक दिवस मोठ्याने ओरडायला मिळते, हेच तिला महत्त्वाचे वाटत असेल, असे मला वाटते.

मात्र ही सूट एका दिवसाची असते. सण संपला की तोंड पुन्हा बंद. खरा बदल व्हायचा तर मैदानावर बाईचा रोजचा हक्क हवा.

कुस्तीचेच उदाहरण घ्या. 'महाराष्ट्र केसरी' ही पुरुषांची स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. महिलांची पहिली स्पर्धा सांगलीला झाली मार्च २०२३ मध्ये, म्हणजे बासष्ट वर्षांनी. अंतिम लढतीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवले. वैष्णवी आपल्या ठाणे जिल्ह्याची. या दोघी एकमेकींच्या मैत्रिणी, एकत्र राहून सराव केलेल्या. गदेसाठी त्या पूर्ण ताकदीने झुंजल्या. मैत्री आहे म्हणून कोणी हात आखडता घेतला नाही.

कुस्तीत तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्याला 'जोड' म्हणतात. किती नेमका शब्द आहे! समोरची तुल्यबळ असल्याशिवाय आपले बळ आपल्याला कळतच नाही. १९५४ साली मुंबईत रशियन महिला मल्लाला मिनिटभरातच चीत करणारी हमीदा बानू त्या काळात पुरुषांशीही कुस्ती खेळली. बायकांमध्ये तिला जोड कुठून मिळणार? आखाड्यात बायकाच नव्हत्या. पुढे ती शेजारच्या कल्याणलाच राहिली. तिने परदेशी खेळायला जाऊ नये म्हणून घरच्या पुरुषाने तिचे हात मोडले, असे तिच्या नातवाने सांगितले आहे. आखाड्यातली कुस्ती आणि घरातली मारहाण यांत केवढे अंतर आहे, ते यावरून कळावे. कुस्तीला दोघींची संमती असते, वजनगट असतो, पंच असतो, वेळ संपते. मारहाणीत यातले काहीच नसते. म्हणून बाईने बाईवर हात उगारला तरी ती हिंसाच, मग ती सासू असो की नणंद.

आता आपल्या भागातले सांगते. दुसऱ्या गावच्या गटातल्या दोन मैत्रिणींची ही गोष्ट, त्यांच्या परवानगीने. महामार्गालगतच्या एका गोदामात दोघी पॅकिंगला जात. शाळेपासूनची मैत्री, येणेजाणे एकाच रिक्षाने. ठेकेदार रोज संध्याकाळी सर्वांसमोर कोणी किती नग भरले ते वाचून दाखवायचा. जी मागे पडेल तिला दुसऱ्या दिवशी काम मिळेलच, याची खात्री नसे. दोन महिन्यांत दोघींचे बोलणे बंद झाले. बैठकीत एक म्हणाली, "ताई, भाकऱ्या थापताना मी रोज तिच्याशी मनात भांडते. एकदा तर मनातच तिला धरून आपटली." दुसरी हळूच म्हणाली, "मी पण."

सगळ्या हसल्या. मग गटाने दोघींचा रोज विचारला. दोघींचा सारखाच! जास्त नग भरणारीलाही एक पैसा जास्त नव्हता. मग जिंकले कोण? पुढच्या आठवड्यात आठ-नऊ जणी मिळून ठेकेदाराकडे गेल्या आणि आकडे वाचणे बंद झाले. काम अजून बिनभरवशाचेच आहे, तो लढा बाकी आहे. पण दोघी पुन्हा बोलायला लागल्या.

मनातल्या भांडणाची लाज वाटून घेऊ नका. ते येते तेव्हा स्वतःला चार प्रश्न विचारा. ही लढत आम्ही दोघींनी निवडली आहे का? नियम दोघींना माहीत आहेत का? जिंकल्याचा फायदा कोणाला होतो? आणि संपल्यावर आम्ही हातात हात घेऊ शकतो का? उत्तरे बरोबर आली तर खुशाल लढा, जिवाच्या कराराने लढा. उत्तरे चुकली तर समजा, झुंजवणारा तिसराच कोणी आहे.

जानेवारी २०२३ मध्ये महिला मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले. मॅटवर ज्या आपापल्या पदकासाठी झुंजतात, त्या तिथे खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. चुरस आणि एकजूट एकाच अंगात राहू शकतात, याला आणखी पुरावा कशाला हवा?

तेव्हा माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेचे मैदान मागून घ्यावे. कबड्डी खेळा, खो-खो खेळा, फुगडी घाला. पंजा लढवा. पन्नाशीच्या बायकांनीही यावे आणि मुलींना बरोबर आणावे. ग्रामपंचायतीने 'बायकांना कशाला मैदान?' असे विचारले, तर ग्रामसभेत हाच प्रश्न लावून धरा. मुलांनी कधी परवानगी मागितली होती का, हेही विचारा.

आता चहाची सुट्टी आहे. पुढचे सत्र मैदानात. येताना प्रत्येकीने आपली जोड शोधून आणावी.