गोळी दिली, पण पाण्याचं काय?



पोर रात्री दात खायला लागलं की आपल्याकडे दादी-नानी सांगतात, जंत झालेत, गोड बंद करा. कुणी वावडिंग उकळून देतं, कुणी नजर उतरवतं. गोड खाऊन जंत होत नाहीत. विष्ठेतली अंडी मातीत जातात आणि मातीतून हातावाटे, भाजीवाटे तोंडात. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. हुकवर्म तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. मूल फिकट पडतं, वर्गात पेंगतं आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाला, पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्र होता. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी, पूड करून पाण्यातून. शाळेत न जाणाऱ्या मुलालाही अंगणवाडीत ती मिळते, हे पनवेल-उरणच्या वस्त्यांत किती जणांना माहीत आहे? बांधकामावर, बंदराच्या कामावर आलेली कुटुंबं आज इथे, उद्या तिथे. त्यांची मुलं कुठल्याच हजेरीपटावर नसतात. पोलिओच्या डोसाबद्दल जशी कुजबुज झाली, तशी याही गोळीबद्दल होते. पोटात जंत जास्त असतील तर गोळीनंतर थोडी मळमळ होऊ शकते, हे आईला आधीच सांगा. मग अफवेला जागा उरत नाही.

पण गोळी आजचे जंत मारते, उद्याचे अडवत नाही. आणि जिआर्डिया हा डोळ्यांना न दिसणारा जीव त्या एका गोळीने जात नाही. क्लोरीनलाही तो सहज दाद देत नाही, पाणी खळखळून उकळावं लागतं. रोज हंडाभर पाणी उकळायला गॅस किती लागतो, हे चूल सांभाळणारीला विचारा. वस्तीत नळ दिवसातून तासभर येतो. पाइप गटारातून गेलेला असतो. पाणी बंद झालं, दाब उतरला की फुटलेल्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पावसाळ्यात तर गटार आणि अंगण एकच होतं. अशा ठिकाणी ‘बायका स्वच्छता ठेवत नाहीत’ असं म्हणणाऱ्याचा मला राग येतो. आपण तहारतीवर तासभर बोलतो, वुजूच्या पाण्याची व्यवस्था चोख ठेवतो. शेजारच्या सार्वजनिक संडासात हात धुवायला नळ आहे का, हे कुणी बघितलंय?

म्हणून दोन कामं मागतो. पुढच्या फेरीची तारीख अंगणवाडीताईंकडून घ्या आणि त्या दिवशी गल्लीतली शाळाबाह्य मुलं हाताला धरून न्या. दुसरं, पाइप गटारातून कुठे कुठे जातो ते चालत जाऊन बघा, फोटो काढा आणि नगरपरिषदेत किंवा महापालिकेत लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून परतू नका. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि पंधरा दिवसांनी तीच प्रत घेऊन पुन्हा जा.